घरचा डेटा वीस-तीस वर्षं टिकवायचाय: हार्डडिस्क, एसएसडी की डीव्हीडी? (खाऱ्या हवेचा विचार करून सांगा)

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावणार आहे, आधीच माफी मागतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्याचं, पुढे कौलं, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांना रेकॉर्डिंगचं वेड. गावचं नमन, डबलबारीची भजनं, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बाजारातल्या लिलावाचा आवाजसुद्धा त्यांनी टेपवर घेऊन ठेवला होता. साठ कॅसेट. २०१९ च्या मे महिन्यात मी त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या, जुने फोटो स्कॅन केले, त्यात आमचे मोबाईलचे फोटो-व्हिडिओ. एकूण १.४ टीबी. शहाणपणा म्हणून दोन पोर्टेबल हार्डडिस्क घेतल्या, एक वापरायला, एक बॅकअप. आणि दोन्ही एकाच बिस्किटाच्या डब्यात घालून एकाच कपाटात ठेवल्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पुढची कौलं गेली, कपाटावर रात्रभर पाणी. एक डिस्क मी उन्हात वाळवली, वर हेअर ड्रायर मारला आणि लाईट आल्यावर (म्हणजे तीन आठवड्यांनी) लावून बघितली. टक, टक, टक. संपली. दुसरी लावायचा धीर झाला नाही. ती तशीच मुंबईला डेटा काढून देणाऱ्याकडे नेली. पाच आकडी पैसे गेले, पण बहुतेक सगळं परत मिळालं. गेलं त्यात आजीच्या ओव्यांच्या तीन कॅसेट होत्या. मूळ कॅसेटींवर पांढरी बुरशी, त्या आता वाजत नाहीत.

वाचलेला माल ज्या डिस्कवर आहे तिला आता पाच वर्षं होतील. नवीन काहीतरी घ्यायचं म्हणून दुकानात गेलो तर तो म्हणाला, "एसएसडी घ्या साहेब, फिरणारा भागच नाही, जन्मभर बघायला नको." मेहुणा म्हणतो क्लाउड. एक मित्र म्हणतो डीव्हीडी. नक्की काय घ्यावं?

बिनधास्त_बंड्या

क्लाउडवर टाका नि झोपा. २०२५ मध्ये डिस्का कोण सांभाळतं?

निवृत्त_तारमास्तर

बंड्या, झोपायच्या आधी गणित कर. १.४ टीबी चढवायचं आणि अपलोड १० एमबीपीएस मिळालं (गावाकडे तेवढं सलग मिळालं तर देवाला नारळ), तर रात्रंदिवस चालवून तेरा दिवस. मध्ये एखादी फांदी पडली की फायबर तुटणार आणि लाईनमन येईपर्यंत आठवडा.

खाडीपलीकडचा, तुमच्या दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. एसएसडी पडली तर हार्डडिस्कसारखी मरत नाही. पण तुमचं काम वेगळं आहे, तुम्हाला ती कपाटात *ठेवून द्यायची* आहे. एसएसडी, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड ही एकाच जातीची भावंडं. माहिती म्हणजे बारक्या कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार, आणि तो भार हळूहळू झिरपतो. गरमीत जास्त झिरपतो. स्वस्तातल्या क्यूएलसी एसएसडीत एका कप्प्यात चार बिट कोंबलेले असतात, म्हणजे सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या. थोडा भार सरकला तरी गोंधळ.

जेडेक नावाची संस्था या चिपांचे मानक ठरवते. त्यांच्या मानकात घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष माहिती धरून ठेवावी अशी अट आहे. नीट वाचा हं, ही अट ड्राइव्हची लिहिण्याची क्षमता वापरून *संपल्यानंतरची* आहे. कोरी एसएसडी एकदाच भरून ठेवली तर बरीच जास्त टिकेल. लोक हा आकडा अर्धवट वाचून घाबरवतात. तरी "जन्मभर बघायला नको" हे चूकच. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय तापमान असतं ते मी सांगायला नको.

एसएसडी रोजच्या कामाला वापरा. ठेवणीला साधी फिरणारी हार्डडिस्क.

मालवणी_मसालो

आमच्या घरापासून समुद्र शंभर पावलांर. झिलान पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीमागे तीन वरसां लावन ठेवलेलो. परवा काढलो तर तेचा तोंड हिरवा पडलेला. आता माका सांगा, एसएसडीचा पण तसाच होतला मां?

निवृत्त_तारमास्तर

होतला! खारी हवा तोंडं सगळ्यांचीच खाते. वर्षानुवर्षं लावून ठेवू नका, काढून टोपण घाला. हिरवं पडलंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. सॅंडपेपरने घासणारे महाभाग पाहिलेत, वरचा सोन्याचा मुलामा जातो आणि मग दुप्पट वेगाने गंजतं.

सुरंगी

रत्नागिरीतून लिहितेय, लग्नाचे फोटो काढणं हा धंदा, त्यामुळे लोकांचा डेटा जपणं ही रोजीरोटी.

ओली डिस्क वाळवू नका हे दादांच्या अनुभवावरून सगळ्यांनीच लक्षात घ्या. साध्या हार्डडिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक असतं, आत फिल्टर. पाण्यात बुडाली की तिथून पाणी शिरतं. वाळलं की पाण्यातले क्षार आणि गाळ तबकडीवर चिकटून राहतात, आणि वाचणारं हेड तबकडीच्या इतकं जवळून फिरतं की त्या कणावर आपटून पृष्ठभाग खरवडतं. म्हणून ओली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची, वीज लावायची नाही, तांदळात पुरायची तर अजिबात नाही, आणि सरळ डेटा काढणाऱ्याकडे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा ओळखीतल्या दोन स्टुडिओंच्या डिस्क अशा गेल्या. एकाने वाळवली, एकाने वाळवली नाही. कोणाची वाचली ते सांगायला नको.

आता दमटपणा. पावसाळ्यात माझ्या स्टुडिओत आर्द्रतामापक ८५-९० टक्के दाखवतो (साधा मापक काहीशे रुपयांत मिळतो, घ्याच). कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट आहे, ४५ वर लावलेलं, त्यातच खालच्या कप्प्यात डिस्क. एवढा खर्च नको असेल तर रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळी जेल गुलाबी झाली किंवा नारिंगी हिरवी झाली की ती पाण्याने भरली, मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरता येते. जुनी कढई वेगळी ठेवा, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, त्यात परत पोहे करू नका. माझ्या नवऱ्याने केले होते.

आणखी एक: एसी गाडीतून डिस्क आणली की लगेच लावायची नाही. थंड वस्तूवर आपल्या हवेतलं पाणी जमतं. पिशवीतच तासभर राहू द्या.

डबल_लाईन

मी एनएएस घेतला, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा दोन डिस्कचा खोका, रेड-१ लावून (दोन्ही डिस्कवर सारखंच लिहिलं जातं). एक डिस्क गेली तरी दुसऱ्यावर सगळं. विषय संपला.

सुरंगी

दोन्ही डिस्क एकाच खोक्यात, एकाच प्लगवर ना? वीज कडाडून पडली की?

डबल_लाईन

सर्ज प्रोटेक्टर आहे ताई.

निवृत्त_तारमास्तर

सर्ज प्रोटेक्टर थेट पडलेल्या विजेपुढे काय करतो ते मी चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाहिलंय. बाजूला ठेवू. तुमच्या नातवाने चुकून फोल्डर उडवला तर रेड-१ काय करेल? दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडवेल. मे २०१७ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारं वॉनाक्राय आलं तेव्हा जोडलेल्या डिस्काही कुलूपबंद झाल्या होत्या. रेड म्हणजे काम चालू राहण्याची सोय. जुनी फाइल परत मिळण्याची सोय वेगळी करावी लागते. हेच बंड्याच्या क्लाउडलाही लागू: फोनवरून पुसलं की तिकडूनही पुसलं जातं.

डबल_लाईन

ठीक आहे, पॉइंट आहे. पण म्हणून एनएएस वाईट ठरत नाही.

निवृत्त_तारमास्तर

कोण म्हणालं वाईट? त्याला एक बाहेरची डिस्क जोडा, आठवड्याला प्रत घ्या, काढून ठेवा.

उकडीचा_मोदक

डीव्हीडीबद्दल कोणी बोललंच नाही. माझ्याकडे २००३ पासूनच्या सुमारे दोनशे सीडी-डीव्हीडी होत्या. मागच्या दिवाळीत बसून तपासल्या. निम्म्याहून जास्त वाचता आल्या, पण ज्या हव्या होत्या त्याच नेमक्या नाहीत (मुलीचं बारसं!). काहींवर वरून चांदी सुटून पापुद्रे निघाले होते.

कारण असं की रेकॉर्ड करता येणाऱ्या साध्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, सेंद्रिय, उजेडाने आणि उष्णतेने तो उतरतो. चमकणारा धातूचा थर सीडीत वरच्या लेबलाच्या अगदी खाली असतो, मध्ये फक्त वार्निश. बॉलपेनने नाव लिहिलं तरी त्याला इजा. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकांच्या मध्ये असतो, म्हणून थोडी बरी.

अवांतर: बुरशी सीडी खाते हे मला थट्टा वाटायची. २००१ मध्ये स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेली एक सीडी तपासली, तर बुरशीने कडेने शिरून प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा थर दोन्ही फस्त केलं होतं. बेलीझची हवा म्हणजे आपलीच, उष्ण आणि दमट.

एम-डिस्क नावाचा प्रकार वेगळा. त्यात रंगद्रव्याऐवजी खनिजासारखा अजैव थर असतो आणि लेझर त्यात कायमचा खड्डा पाडतो. बनवणारे हजार वर्षांचा दावा करतात. हजार सोडा, तीस मिळाली तरी आपलं काम झालं. २५ जीबीपासून १०० जीबीपर्यंतच्या ब्लू-रे एम-डिस्क मिळतात, ब्लू-रे रायटर लागतो. साधी ब्लू-रे घेणार असाल तर एचटीएल प्रकारची घ्या, एलटीएच नको, तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंग.

तांबडी_माती

पण मोदकराव, ती वाचणार कशावर? नव्या लॅपटॉपला खाचच नसते. सोनीने तर कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ पासून बंद केलं. तीस वर्षांनी डिस्क ठणठणीत आणि ड्राइव्ह जुन्या बाजारात शोधायचा, अशी गत. आमच्या घरी आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत, सुया नाहीत.

उकडीचा_मोदक

मान्य. म्हणून मी *सगळं* त्यावर टाका असं म्हणणार नाही. १.४ टीबीला २५ जीबीच्या छप्पन डिस्क लागतील, एवढ्या भरणार कोण. पण त्या १.४ टीबीत खरं मोलाचं किती आहे? बाकीचं नारळाच्या झाडाचे चौदा सारखे फोटो आणि गुड मॉर्निंग असणार.

खाडीपलीकडचा

हसलो, पण काल रात्री बसून बघितलं. वाचलेल्या सत्तावन्न कॅसेटचं रेकॉर्डिंग ६२ जीबी, स्कॅन केलेले फोटो आणि वडिलांच्या वह्या १५ जीबी. म्हणजे जे पुन्हा मिळणारच नाही ते ८० जीबीच्या आत. गुड मॉर्निंग मोजले नाहीत.

कॅसेट मी वेव्हमध्ये उतरवल्या आहेत, एमपी३ करून जागा वाचवू का?

सुरंगी

नको! एमपी३ काही आवाज कायमचा टाकून देतं. फ्लॅक करा, साधारण निम्मी जागा आणि एकही बिट जात नाही. हवं तेव्हा परत वेव्ह बनतं. ऐकायला, नातेवाइकांना पाठवायला एमपी३ वेगळी.

जुना_छापखाना

उशिरा आलोय. एक गोष्ट कोणी काढली नाही, आणि मराठी माणसाला तीच जास्त चावते.

आमचा सावंतवाडीकडे छोटा छापखाना होता. पंचवीस वर्षांच्या फाइली: दशावताराच्या मंडळींच्या जाहिराती, लग्नपत्रिका, दोन गावांचे देवस्थानाचे इतिहास. सगळ्या डिस्कवर सुखरूप, एकही बिट बिघडलेला नाही. उघडल्या की दिसतं "¸ÉÉ®úiÉ" असलं काहीतरी. कारण ते सगळं युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) रुळायच्या आधीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी आणि सीडॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेलं. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. फॉन्ट गेला की मजकूर गेला. वर त्या पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली, आणि पेजमेकर आता इतिहासजमा.

जुनं सॉफ्टवेअर चालतंय तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत बसवून. ठेवणीसाठी पीडीएफ/ए हा प्रकार त्यासाठीच आहे. आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून साध्या टेक्स्ट फाइलीत. बदलणारी साधनं जोडाक्षरात आणि रफारात चुका करतात, वाचून काढावं लागतं. मी एका देवस्थानाचा इतिहास बदलला तर "धर्म" सगळीकडे "धम" झाला होता. फॉन्टच्या फाइलीही त्याच फोल्डरात ठेवा.

तांबडी_माती

हे फार कामाचं. वडिलांच्या आंबा बागेचा हिशेब अशाच एका फॉन्टात आहे, आजच बघते.

पुण्याची_पाहुणी

माहेर गुहागर, सासर पुणे. आमच्याकडे गेली चार वर्षं काय चालतं ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर बघा.

दोन सारख्या ४ टीबीच्या हार्डडिस्क, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, मुद्दाम वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या (एकाच खेपेतल्या असल्या की दोष एकदम निघतो). एक दादाकडे गुहागरला, एक माझ्याकडे पुण्यात. मी शिमग्याला आणि गणपतीला माहेरी जातेच. जाताना माझी डिस्क नेते, दादा सहा महिन्यांचं नवीन त्यात भरतो, आणि त्याच्याकडची घेऊन मी परत येते. म्हणजे दोन्ही डिस्क वर्षातून निदान दोनदा फिरतात, आणि एक प्रत कायम घाटावर. पावसाळ्याआधी एखादं ताजं फोल्डर राहिलं असेल तर मे महिन्यात आंब्याच्या पेटीबरोबर पेनड्राइव्ह येतो. पेंढ्यात, हापूसच्या वासासकट.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने ३-२-१ असा नियम सांगितलाय: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत म्हणजे मोलाचे ४० जीबी क्लाउडवर, पैसे भरून. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला संपली तेव्हाच आम्ही कान टोचून घेतले. आणि हो, दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं ते पुसू शकतात. आईच्या नावाचं जुनं खातं असेल तर अधूनमधून उघडा.

आमचं नडलं ते वेगळ्याच ठिकाणी. काकांनी डिस्कला पासवर्ड घातला होता, सुरक्षेसाठी. काका गेले, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. डिस्क अजून आहे, चालते, दिवा लागतो. आता आमचा पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांबरोबर लॉकरमध्ये आहे.

निवृत्त_तारमास्तर

ताई, उत्तम. त्यात एकच भर: नुसती डिस्क फिरली म्हणजे फाइल बरोबर आहे असं नाही. फाइलींचा चेकसम काढून यादी ठेवा, एसएचए-२५६ पुरे. ही प्रत्येक फाइलची अंगठ्याची निशाणी समजा. एक बिट बदलला तरी निशाणी बदलते. दर वेळी यादीशी ताडून बघायचं. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून "रीअलोकेटेड" आणि "करंट पेंडिंग" या दोन ओळी बघा. शून्याच्या वर गेले आणि वाढत राहिले तर त्या डिस्कवर विसंबू नका. "सीआरसी एरर" वाढत असेल तर आधी केबल बदला, निम्म्या वेळा दोष तिचाच असतो.

बिनधास्त_बंड्या

ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह ७०० रुपयांत दिसतोय. घेऊ का?

सुरंगी

घे, आणि दाराला अडकण म्हणून लाव. तो आतून ३२ किंवा ६४ जीबीचा असतो, खोटा आकडा दाखवतो. भरला की जुन्यावर नवीन लिहितो आणि फाइलींची नावं तेवढी दिसत राहतात. घेतलाच असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपास.

डबल_लाईन

टेपचं काय? बॅंका अजून एलटीओ (डेटा साठवायच्या टेपचा एक प्रकार) वापरतात.

निवृत्त_तारमास्तर

वापरतात, आणि तीस वर्षं टिकते म्हणतात ते खोटं नाही. एलटीओ-९ च्या एका काडतुसात (म्हणजे टेपच्या कॅसेटीत) १८ टीबी मावतं. काडतूस परवडेल, ड्राइव्हची किंमत लाखांत. शिवाय नवा ड्राइव्ह फार जुनी टेप वाचत नाही. एलटीओ-८ चा ड्राइव्ह सातच्या मागची घेत नाही. गावातल्या पन्नास घरांनी मिळून घेतला तर गोष्ट वेगळी, पण पन्नास घरं मिळून साधा ट्रान्सफॉर्मर बदलून घेत नाहीत.

खाडीपलीकडचा

मंडळी, धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

शेवटी केलं ते असं. दोन हार्डडिस्क, वेगळ्या कंपन्यांच्या. एक इथे, स्लॅबच्या खोलीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, सिलिका जेलच्या डब्यात. दुसरी बहिणीकडे कोल्हापूरला. ८० जीबीचा मोलाचा भाग चार एम-डिस्कवर, रायटर बाहेरून जोडायचा घेतला आणि तोही त्याच डब्यात. क्लाउडवर फक्त फ्लॅक आणि वह्यांचे स्कॅन, आठवडाभर रात्री लावून चढवलं. एसएसडी घेतली, पण लॅपटॉपला.

शिमग्याला बहीण आली, डिस्क अदलाबदल केली, चेकसम ताडले. माझ्या डिस्कवर दोन व्हिडिओ जुळेनात. तिच्या डिस्कवरून परत घेतले. तारमास्तर, तुम्ही सांगितलं नसतं तर ते बिघडलेले व्हिडिओच मी पुढे चांगल्या प्रतीवर चढवले असते.

निवृत्त_तारमास्तर

ते दोन व्हिडिओ मोठे होते का? आणि कॉपी चालू असताना लाईट गेली होती का? डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं, मध्येच वीज गेली की असं होतं. एनटीएफएस करून बघा.

खाडीपलीकडचा

गेली होती. एनटीएफएस करतो.

आणि एक सांगायचं राहिलं. बहिणीच्या सासूबाईंकडे, म्हणजे वडिलांच्या मामेबहिणीकडे, एक कॅसेट सापडली. वडिलांनी तिला ओव्यांची नक्कल करून दिली होती, वर त्यांचंच अक्षर. कोल्हापूरची हवा इथल्यापेक्षा कोरडी, बुरशीचा डाग नाही. सुरंगीताईंच्या स्टुडिओत जाऊन वाजवली. गेलेल्या तीनपैकी एक तीच. अ बाजू पूर्ण आहे, मागे जात्याची घरघर. ब बाजूवर कोणीतरी रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंटरी भरून ठेवलीय, ओव्या मध्येच तुटतात आणि कोणीतरी चौकार मारतो. तीही उतरवून ठेवली.